पाकीट, सिम आणि अंगठा: काय गेलं तर आधी काय बंद करायचं

हंगामात विदर्भातल्या वणी, हिंगणघाट, अकोट किंवा दर्यापूरला कापूस घेऊन आलेल्या माणसाच्या पाकिटात नोटांपेक्षा कागदच जास्त असतात. लॅमिनेशन केलेलं आधार, पॅन, बँकेचं रुपे कार्ड, जिनिंगच्या काट्याची पावती, गजानन महाराजांचा छोटा फोटो, स्वतःचे दोन पासपोर्ट फोटो, आणि एटीएम कार्डाच्या प्लास्टिक कव्हरात घडी घालून खोचलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर चारच आकडे असतात. ते कशाचे आहेत हे लिहिलेलं नसतं, पण पाकीटमाराला ते वेगळं सांगावं लागत नाही.

आधार खिशात फिरतं त्याला कारण आहे. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट. कंडक्टर वयाचा पुरावा मागतोच. त्यामुळे ‘आधार घरी कपाटात ठेवा’ हा शहरातला सल्ला आपल्याकडे चालत नाही. आधार खुशाल घेऊन फिरा. त्याच्या शेजारी बँकेचं कार्ड आणि ती चिठ्ठी मात्र नको. एसटीला आधार लागतं, एटीएम लागत नाही. ज्या दिवशी पैसे काढायचे त्याच दिवशी कार्ड खिशात घालावं.

पाकीट मारलं गेलं की स्टँडवर जमलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात, “किती होते बाप्पा?” गेलेले पैसे मोजता येतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. खरं म्हणजे रोख गेली ती गेली, तिच्यामागे धावण्यात फारसा अर्थ नाही. पुढच्या तासाभरात काय काय बंद करायचं आणि पुढचे काही महिने कशावर नजर ठेवायची, हे महत्त्वाचं. त्यासाठी कोणत्या वस्तूने नेमकं काय उघडतं ते आधी समजून घेऊ. लोक ज्याला घाबरतात ते बहुतेक वेळा फारसं धोक्याचं नसतं, आणि जे धोक्याचं असतं ते बिनधास्त दुसऱ्याच्या हाती देतात.

कशाने काय उघडतं

आधार नंबर म्हणजे घराचा पत्ता समजा. पत्ता कळला म्हणून कोणी घरात शिरत नाही, किल्ली लागते. बँकेच्या बाबतीत ही किल्ली म्हणजे ओटीपी, पिन किंवा बोटाचा ठसा. नुसता बारा आकडी नंबर चोराला कळला तर खात्यातून रुपयाही हलत नाही. पण नंबरासोबत फोटो, जन्मतारीख, पत्ता आणि पॅन असं सगळं एकत्र हाती लागलं, की तुमच्या नावाने सिम घेण्याचा किंवा कर्जाचा अर्ज करण्याचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणजे आधार हरवल्याचा त्रास झालाच तर उशिरा होतो, आणि बँकेच्या पासबुकात तो दिसतही नाही.

एटीएम कार्डाचं उलटं आहे. त्याचा त्रास लगेच होतो. पिन माहीत नसला तर कार्ड निकामी, असं लोकांना वाटतं. हल्लीच्या बऱ्याच कार्डांवर आडव्या लहरींसारखी खूण असते. असं कार्ड दुकानातल्या मशीनला नुसतं टेकवलं तरी पैसे कापले जातात, आणि ५,००० रुपयांपर्यंत पिन विचारला जात नाही. २०२१ च्या १ जानेवारीपासून ही मर्यादा दोन हजारांवरून पाच हजारांवर नेली आहे. शिवाय परदेशी वेबसाइटवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होऊ शकते, तिथे ओटीपी येईलच असं नाही. यावर उपाय फुकट आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत जाऊन परदेशातले व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय बंद करून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही बटणं देणं बँकांना बंधनकारक केलं आहे. आर्वीच्या किंवा दिग्रसच्या माणसाला परदेशी खरेदीची सोय रोज कशाला लागते?

सर्वांत मोठी किल्ली मात्र सिम आहे, आणि तिचं महत्त्व कोणाच्या ध्यानात येत नाही. मोबाइलला स्क्रीन लॉक असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. आता बाजारात मिळणारं ते पाकिटासारखं उघडणारं मोबाइल कव्हर आठवा. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूच्या खाचेत एटीएम कार्ड. यूपीआयचा नवा पिन बसवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि सिमवर येणारा ओटीपी लागतो. काही बँका त्यावर एटीएम पिनही मागतात. म्हणजे तीनपैकी तिन्ही गोष्टी आपण एकाच कव्हरात घालून आठवडी बाजारात वरच्या खिशातून मिरवतो. हे कव्हर वापरायचंच असेल तर त्यात कार्डाऐवजी गजानन महाराजांचा फोटो ठेवा, तो तिथे जास्त उपयोगाचा.

सिमलाही पिन लावता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ म्हणून पर्याय असतो. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकल्यावर आधी पिन विचारला जातो. मात्र लावताना कंपनीचा मूळ पिन माहीत पाहिजे, नाहीतर तीनदा चुकल्यावर सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडे पीयूके नंबर मागत बसावं लागतं. घरात मोबाइल समजणारा पोरगा किंवा पोरगी असेल तर त्यांच्याकडून करून घ्या.

पहिला तास

पाकीट आणि मोबाइल दोन्ही गेले असतील तर आधी सिम बंद करा, मग कार्ड. नुसतं पाकीट गेलं असेल तर थेट कार्ड. सोबतच्या माणसाचा फोन घ्या. त्याचं सिम तुमच्याच कंपनीचं असेल तर १९८ लावून तुमचा नंबर बंद करायला सांगता येतं. कार्ड बंद करायचा बँकेचा टोल-फ्री नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, आणि कार्ड तर गेलेलं असतं. म्हणून हा नंबर आजच एका कागदावर लिहा. तो कागद देवघराजवळ किंवा कॅलेंडरच्या मागे चिकटवा, आणि बायकोच्या किंवा भावाच्या फोनमध्येही टाकून ठेवा. त्याच कागदावर फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांकही लिहा, *#०६# दाबलं की तो दिसतो. गूगलवर बँकेचं नाव टाकून नंबर शोधू नका. तिथे ठगांनी टाकलेले बनावट हेल्पलाइन नंबर पसरलेले असतात, आणि आधीच घाबरलेला माणूस त्यांना सापडायला वेळ लागत नाही.

कार्ड बंद केल्याचा तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वेळ लिहून ठेवा. ही वेळ पुढे कामी येते, ती कशी ते खाली सांगतो.

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आलाच असेल तर त्याच क्षणी १९३० लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरातला नंबर आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवला जातो. शेवटच्या खात्यातून तो कोणी रोख काढण्याआधी १९३० ला कळलं, तर मधल्या बँका तो थांबवून ठेवू शकतात. म्हणून “उद्या शाखेत जाऊन बोलतो” हे इथे महाग पडतं. फोन झाल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी लागते. ते काम तालुक्याच्या ठाण्यात किंवा गावातल्या सेवा केंद्रातूनही होतं.

नवं सिम त्याच नंबरावर मिळतं. पण सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्यावर मेसेज बंद ठेवलेले असतात. दुसऱ्याच कोणी तुमच्या नावाने सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून ही सोय आहे. या एका दिवसात तुम्हालाही ओटीपी येणार नाही, तेव्हा खर्चासाठी थोडी रोख कोणाकडून घेऊन ठेवा.

ठाण्यात काय लिहून घ्यायचं

“साहेब, आठशे रुपये गेले, आता कशाला रिपोर्ट?” असं आपणच म्हणतो. रिपोर्ट आठशे रुपयांसाठी नसतो. उद्या तुमच्या आधारवर कोणी सिम घेतलं किंवा कर्ज उचललं, तर ‘अमुक तारखेपासून माझे कागद माझ्या ताब्यात नव्हते’ हे सांगणारा एकच सरकारी कागद तुमच्याजवळ असतो, तो हा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, आणि चोरीचं कलम आता ३०३ आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे ठाण्यात एफआयआरऐवजी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, देतील. त्यावरून भांडू नका, पण त्या एनसीत कागदांची यादी नीट लिहून घ्या: आधार, पॅन, कोणत्या बँकेचं कार्ड, लायसन्स, मतदार कार्ड. कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरेत. पाकीट चोरीला गेलं असेल तर ‘गहाळ’ असं लिहून देऊ नका. गहाळ म्हणजे तुमच्या हातून पडलं, चोरीला गेलं म्हणजे कोणीतरी घेतलं.

पाकीट यवतमाळच्या स्टँडवर गेलं आणि तुम्ही घाटंजीचे, म्हणून “तिकडच्या ठाण्यात जा” असं सांगितलं, तर दखलपात्र गुन्ह्यात ते चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नोंद घ्यायला नकार दिला तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं. दुसऱ्याचा पासवर्ड, डिजिटल सही किंवा तशीच ओळखीची खूण लबाडीने वापरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी वेगळं आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

आणखी एक गोष्ट. पाकीट हरवलं की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सापडल्यास कळवा’ म्हणून आधारचा जुना फोटो टाकायची पद्धत पडली आहे. चोराकडे एक प्रत होती, आता ती दोनशे जणांकडे गेली. नाव आणि फोन नंबर टाका, कार्डाचा फोटो नको.

मोबाइल गेला असेल तर पोलीस रिपोर्टची प्रत आणि तो आयएमईआय नंबर घेऊन दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर हँडसेट बंद करता येतो. देशात कुठल्याही कंपनीच्या सिमवर तो मग चालत नाही.

अंगठ्याचा मामला

विदर्भातल्या खेड्यात ओळखीची चोरी म्हटलं तर मला पाकीटमारापेक्षा अंगठ्याच्या मशीनची काळजी जास्त वाटते. बँकेची शाखा वीस-पंचवीस किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोन वेळा, त्यामुळे गावातलं ग्राहक सेवा केंद्र किंवा मशीनवालं किराणा दुकान हीच बँक. तिथे पैसे काढायला कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर काम होतं. ज्याला कार्ड वापरता येत नाही त्याच्यासाठी ही सोय फार चांगली आहे, आणि बहुतेक केंद्रवाले सचोटीने काम करतात हेही खरं. पण ही एकच किल्ली अशी आहे की ती आपण दुसऱ्याच्या मशीनवर ठेवतो आणि मशीनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते पाहतही नाही.

जवळून पाहा. लाडकी बहीणचे दीड हजार काढायला एक मावशी येते. कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटलेली, रेघा झिजलेल्या. अंगठा ठेवते. “नाई लागून रायला मावशे, पुन्हा ठेव.” ती पुसून पुन्हा ठेवते. मग दुसरं बोट. मग पुन्हा अंगठा. चारदा ठेवल्यावर दीड हजार हातात येतात आणि ती जाते. त्या चारपैकी किती वेळा मशीनने खरंच नाकारलं? बहुतेकदा सगळ्याच वेळा, कारण वेचणीच्या दिवसांत ठसा लागतच नाही. पण एखाद्या लबाड माणसाला नेमकं हेच सोयीचं असतं. पहिल्याच वेळी दीड हजार निघाले, ‘नाही लागला’ म्हणून पुन्हा ठेवलेल्या अंगठ्यावर आणखी दीड हजार निघाले, आणि मावशीच्या हातात एकदाचेच आले. शिल्लक पाहायलाही अंगठाच लागतो आणि पैसे काढायलाही अंगठाच. मशीनवर काय निवडलं होतं, ते फक्त समोरच्याला माहीत.

म्हणून अंगठा ठेवायच्या आधी पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. रक्कम स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला सोबत न्या. ‘नाही लागला’ म्हटलं तर तसं पडद्यावर दाखवायला सांगा. पावती घ्या, आणि तिच्यावर उरलेली शिल्लक पाहा. खात्याला मोबाइल नंबर जोडलेला असलाच पाहिजे. गावातल्या कितीतरी खात्यांना नंबरच नाही, किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा नंबर आहे. मग मेसेज येत नाही, आणि पैसे गेल्याचं कळतं ते पासबुक भरल्यावर. दर महिन्याला पासबुक भरून घेणं हे म्हाताऱ्यांचं जुनं वळण आहे, ते सोडू नका.

बनावट ठशांची प्रकरणंही घडली आहेत. काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उतरवून, त्यावरून सिलिकॉनचे अंगठे बनवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचं पोलीस तपासात उघड झालं. त्यानंतर २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने मशीनवरचं बोट खरं आहे की नक्कल, हे तपासणारी नवी पद्धत आणली. धोका त्यामुळे कमी झाला, तरी आपल्या हातात एक पक्का उपाय आहे: बायोमेट्रिक लॉक.

आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा आधारच्या वेबसाइटवर ओटीपीने हे कुलूप लावता येतं. लावलं की तुमच्या नावाने कोणाचाही अंगठा, खरा किंवा खोटा, चालत नाही. तुमचा स्वतःचाही नाही. आणि इथेच गावात अडचण येते, कारण रेशन दुकानाचं मशीन आधारच्याच ठशावर चालतं. कुलूप लावून धान्य घ्यायला गेलात तर रिकाम्या पिशवीनिशी परत. कुलूप तात्पुरतं, दहा मिनिटांसाठी उघडता येतं, पण रेशनच्या रांगेत नेटवर्क शोधत बसणं प्रत्येकाला जमत नाही. माझं मत असं, की घरात जो रेशन उचलतो आणि जी मशीनवरून पैसे काढते त्यांचं उघडं राहू द्या आणि त्यांच्या पासबुकावर लक्ष ठेवा. बाकी सगळ्यांना, विशेषतः शिकायला बाहेर असलेल्या पोरांना आणि ज्यांचे व्यवहार शाखेतूनच होतात त्यांना, कुलूप लावून टाका. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर यातलं काहीच करता येत नाही, तेव्हा आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर जोडा. टपाल खात्याच्या पेमेंट बँकेचे पोस्टमनही हे काम करतात.

तुमच्या आधारवर कुठे कुठे तपासणी झाली, तेही पाहता येतं. गेल्या सहा महिन्यांतली नोंद तारीख-वेळेसह दिसते: अंगठ्याने की ओटीपीने, आणि कोणत्या संस्थेकडून. आपण त्या दिवशी शेतात होतो आणि अंगठा मात्र कुठेतरी लागला, असं दिसलं तर लगेच बँक आणि १९३०. आधारची स्वतःची हेल्पलाइन १९४७ आहे, आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते वर्ष, विसरायचं काम नाही.

तुमच्या नावाने दुसरंच कोणी

पाकीट गेल्याला महिना झाला, काही घडलं नाही, म्हणून माणूस निवांत होतो. ओळखीचा गैरवापर मात्र असाच उशिरा आणि आडून कळतो.

सिमपासून सुरुवात करू. संचार साथीवर तुमचा नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर चालू असलेली सगळी सिमं दिसतात. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिमं चालतात, तेव्हा तीन नंबरांच्या जागी सात दिसले तर अनोळखी नंबरांवर ‘हा माझा नाही’ म्हणून खूण करा. पाकीट गेल्यावर लगेच एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहा.

मग कर्ज. देशात कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चौघींकडून एकदम घेण्याऐवजी तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा घेतला तर वर्षभर लक्ष राहतं. बचत गटातल्या बायकांनी तर हा अहवाल पाहावाच. वसुलीवाला दारात उभा राहिल्यावर ‘हे कर्ज मी घेतलंच नाही’ हे सांगणं अवघड जातं. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

अनुदानाचा पैसा हा तिसरा भाग. पीएम किसान असो की लाडकी बहीण, पैसा आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. तुमच्या नकळत कोणी तुमच्या आधारवर दुसरं खातं उघडून जोडलं, तर हप्ता तिकडे जातो आणि तुम्ही तहसीलच्या चकरा मारता. २०१७ मध्ये एका पेमेंट बँकेत लोकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली, हे प्रकरण देशभर गाजलं होतं. हप्ता आला नाही की आधी आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग’ पाहा. सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते तिथे कळतं. एक रुपयात पीक विमा होता तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर विमा उतरवल्याची प्रकरणं राज्यात निघाली होती, ती याचीच चुलत भावंडं.

आणि खातं भाड्याने देणं. “नुसतं पासबुक आणि एटीएम दे, महिन्याला दोन-तीन हजार घे,” असं कोणी गावातल्या पोराला म्हणालं, तर त्याची ओळख चोरीला जात नाही, तो ती स्वतःच विकतो. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, आणि नोटीस खातेदाराच्या नावाने येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाच्या फाइली फिरतात. शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल म्हणजे अ‍ॅप असतं, पत्रिका नव्हे. ती उघडून मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी परस्पर चोराकडे. भाच्याच्या लग्नाची पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते.

पैसे परत मिळतात का

कधी कधी मिळतात, आणि इथे ती लिहून ठेवलेली वेळ कामी येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कोणी मधल्यामध्ये पैसे उडवले, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर जनधनसारख्या साध्या खात्याला जास्तीत जास्त ५,००० आणि नेहमीच्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत तोटा सोसावा लागतो. त्यानंतर बँकेचं धोरण. बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेच्या माथी आहे.

ओटीपी किंवा पिन तुम्हीच कोणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. कळवल्यानंतर जे गेलं ते मात्र बँकेचं. म्हणून आपल्या हातून ओटीपी गेला असला तरी लाजेखातर गप्प बसू नका, प्रत्येक तासाला फरक पडतो. आता ती कार्डाच्या कव्हरातली चिठ्ठी आठवा: तिच्यामुळे पैसे गेले तर बँक ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ म्हणणार, आणि तिला बोलायला जागा आहे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याचे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीचा नंबर १४४४८.

झेरॉक्सवाल्याकडे

पाकीट आयुष्यात एखाद्या वेळी जातं. आधारची झेरॉक्स मात्र आपण वर्षाकाठी ढिगाने वाटतो: सोसायटीत, कृषी केंद्रात, शाळेत, लॉजवर, सिमच्या छत्रीखाली. प्रत्येक प्रतीवर आडवी सही करा आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असं तारखेसह लिहा. अक्षरं छायाप्रतीवर थोडी चढू द्या, कोपऱ्यात लिहिली तर तेवढा कोपरा झाकून पुन्हा झेरॉक्स निघते. जिथे नुसती ओळख दाखवायची तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. ते आधारच्या वेबसाइटवरून फुकट निघतं.

सेवा केंद्रात कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढतो, तेव्हा ती फाइल त्याच्या संगणकावर राहते. “भाऊ, डिलीट कर ना तेवढं” म्हणायला संकोच कशाला? समोर उभं राहून पुसून घ्या. काळी पडलेली, वाकडी आलेली झेरॉक्सही मागून घ्या, तिच्यावरचा नंबर तेवढाच खरा असतो.

हरवलेले कागद परत मिळवणं हे या सगळ्यात सोपं काम. ई-आधार फुकट निघतं आणि नंबर तोच राहतो. पॅनची दुसरी प्रत ऑनलाइन मागवता येते, मतदार कार्डासाठी आठ नंबरचा फॉर्म, लायसन्ससाठी सारथी पोर्टल. डिजिलॉकरमधलं लायसन्स वाहतूक पोलिसांना चालतं, त्यामुळे मूळ कार्ड घरी राहू शकतं.

कधी पाकीट परतही मिळतं. नोटा काढून घेऊन बाकीचं स्टँडमागे फेकलेलं असतं, कोणी भला माणूस आधारवरचा पत्ता पाहून आणून देतो. त्याला चहा पाजा. पण आतलं एटीएम कार्ड जसंच्या तसं असलं तरी पुन्हा चालू करून घेऊ नका. मधल्या वेळात त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो कोणी काढला की नाही, हे कार्डाकडे पाहून कळत नाही. ते कापून टाका, नवं घ्या, आणि पाकीट सापडल्याचं ठाण्यात लेखी कळवा. जुना रिपोर्ट मात्र फाडू नका, तो जमिनीच्या कागदांसोबत ठेवा. सिमांची यादी आणि कर्जाचा अहवाल वर्षभर पाहत राहावंच लागतं, पाकीट सापडलं तरी.